लपविले असते तर...

समाजाने नीतीचे रक्षण करावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ते रक्षण करताना एखाद्या व्यक्तीचे तोंडच बंद करावे लागले, तर रक्षण झाले ते नीतीचे की केवळ प्रतिष्ठेचे? कॅथोलिक परंपरेत मुरलेल्या इटलीला हा प्रश्न १९६३ साली एका गायिकेच्या निमित्ताने पडला. आपणही त्याचा विचार करावा, असे त्यात बरेच काही आहे.

मीना मॅझिनी ही १९४० साली जन्मली आणि व्हायोलिन घडविणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणून ख्यातनाम असलेल्या क्रेमोना येथे वाढली. इटलीच्या लोकप्रिय गाण्यात तोवर मधुर, संयत गायनाला मान होता. १९५९ च्या सुमारास ही तरुणी छाती भरून, तालाशी झुंजत गाऊ लागली. तिच्यासारख्या गायकांना 'ओरडणारे' असे नाव पडले आणि तिला 'क्रेमोनाची वाघीण' ही पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी जीनो पाओली यांचे 'इल चेलो इन ऊना स्तान्सा' हे गीत गाऊन, हाच आवाज किती हळुवार होऊ शकतो हेही तिने दाखवून दिले. दूरदर्शनच्या पडद्यामुळे ती घराघरांत पोहोचली.

अशा वेळी तिला दिवस गेले. मुलाचा पिता, नट कोर्रादो पानी, हा विवाहित होता. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० च्या डिसेंबरपर्यंत नव्हता. त्यामुळे दोघांना विवाहाचा मार्ग मोकळा नव्हता. मीनाने हे नाते लपविले नाही. 'राई' या सरकारी प्रसारण संस्थेने तिला दरवाजे बंद केले. त्या काळी इटलीत दुसरी दूरचित्रवाणी नव्हतीच, तेव्हा राईची बंदी म्हणजे संपूर्ण पडद्यावरूनच हद्दपारी. १८ एप्रिल १९६३ रोजी तिला मुलगा झाला.

बंदी घालणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. विवाहबंधन अभेद्य आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. फसवल्या गेलेल्या पत्नीचे दुःख हे खरे दुःख असते. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने मुलाबाळांपुढे कोणता आदर्श ठेवावा, याचा विचार करणे हा काही अपराध नव्हे. एवढे सगळे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. मीनाने गर्भ गुपचूप पाडला असता, किंवा मूल एखाद्या अनाथालयाच्या दारी सोडून ती पुन्हा कॅमेऱ्यापुढे हसत उभी राहिली असती, तर? बंदी आली नसती, कारण कोणाला काही कळलेच नसते. म्हणजे शिक्षा झाली ती उघडेपणाला. जन्माला येणाऱ्या जिवाचा स्वीकार करणे, हे या साऱ्या प्रकरणातील सर्वांत ख्रिस्ती कृत्य. नेमके तेच तिच्यावर उलटले. अशी शिक्षा समाजाला पापापासून परावृत्त करीत नाही. पाप झाकण्याची कला तेवढी शिकविते.

त्या काळचा कायदाही समतोल नव्हता. विवाहित स्त्रीचा व्यभिचार हा इटलीच्या दंडसंहितेत गुन्हा होता. पती मात्र घरात किंवा उघडपणे अन्यत्र रखेल ठेवील तरच दोषी ठरे. पत्नीविषयीचे ते कलम घटना न्यायालयाने १९६८ साली रद्द केले. तराजूच असा झुकलेला असताना त्यात तोललेल्या नीतीला न्याय कसे म्हणावे?

विशेष म्हणजे, मीनाचे मूल जन्मण्याच्या बरोबर एक आठवडा आधी, ११ एप्रिल १९६३ रोजी, संत पोप तेविसावे जॉन यांनी 'पाचेम इन तेर्रीस' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. स्त्रियांचा सार्वजनिक जीवनातील प्रवेश हे त्यांनी काळाच्या चिन्हांपैकी एक मानले. चूक आणि चुकणारी व्यक्ती यांत नेहमी भेद करावा, चुकलेल्या माणसाची मानवी प्रतिष्ठा लोप पावत नाही, असेही त्यांनी त्यात बजावले. मरणाच्या छायेत असलेल्या त्या वृद्ध धर्मगुरूला जे स्पष्ट दिसत होते, ते त्यांच्याच देशातील नीतिरक्षकांना दिसले नाही.

१९६४ च्या जानेवारीत मीना पडद्यावर परतली. लोकांनी तिच्या तबकड्या घेणे थांबविले नव्हते. तिच्यावाचून चालेना, हे संस्थेला उमगले. हा दयेचा विजय म्हणून आपण आनंद मानावा काय? मला तसे वाटत नाही. तिला परत आणले ते तिच्या गळ्याने. त्याच वर्षी क्रेमोनाच्या एखाद्या गल्लीत, गळ्यात सूर नसलेली एखादी शिवणकाम करणारी मुलगी याच अवस्थेत असेल, तर तिच्यासाठी कोणता दरवाजा उघडला असेल? गुणांच्या मोबदल्यात मिळते ती सवलत. दया मागे कोणतेही मोल उभे नसताना मिळते. म्हणून तर तिला कृपा म्हणतात.

मीनाने १९७८ साली रंगमंच सोडला. पुढे ती केवळ ध्वनिमुद्रणांतून गात राहिली. तरीही नव्या गायिकेचा आवाज जोखताना इटलीत तिचे नाव मापासारखे घेतले जाते. ज्या मुलापायी तिच्यावर बंदी आली, तोच मासिमिलियानो पुढे तिच्या ध्वनिमुद्रिकांचा निर्माता झाला. २००० साली तिने 'दाल्ला तेर्रा', म्हणजे 'मातीतून', या नावाने ख्रिस्ती भक्तिगीतांचा संग्रह गायिला. एके काळी पडद्यावरून हद्दपार झालेला आवाज पवित्र संगीताच्या सेवेला लागला. तो कायमचा दडपला गेला असता, तर हानी कोणाची झाली असती?

मत्तयच्या शुभवर्तमानात योसेफला 'नीतिमान' म्हटले आहे. पवित्र मरियेच्या निष्कलंकतेशी येथे कोणाचीही तुलना नाही. पाहायचे आहे ते योसेफकडे. देवदूत स्वप्नात येण्यापूर्वी, काहीच उलगडा झालेला नसताना, मरियेची लोकांत बेअब्रू करायची नाही, असे त्याने ठरविले होते. त्याची नीतिमत्ता दुसऱ्याची लाज राखण्यात होती.

आपल्या धर्मग्रामातही कधी एखादे घर अशा प्रसंगातून जाते. मुलगी मिस्साला यायची बंद होते, आई मागच्या बाकावर बसू लागते, आणि कुजबुज मात्र पुढच्या बाकापर्यंत पोहोचते. त्या घरी गाणारा गळा नसतो, तबकड्या विकत घेणारे लोक नसतात. त्यांच्या दारी आधी कोण जाणार, हे आपणच ठरवायचे आहे.