पुरेसा उजेड

आपल्या घराला लागणारी वीज आपणच निर्माण करावी, असे एखाद्या कुटुंबाच्या मनात येते तेव्हा त्यामागे नेमके काय असते? काटकसर असते, दर महिन्याच्या बिलाचा वैताग असतो, थोडीशी हौस असते. आणि मनाच्या तळाशी, कुणापुढे हात पसरायला नको, असा एक अभिमानही असतो. आम्ही या सगळ्याच कारणांसाठी सुरुवात केली. २०१९ च्या उन्हाळ्यात वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या घराच्या पडवीवर शंभर वॉटची दोन सौर पॅनेल चढली, खाली कोपऱ्यात हवेशीर जागी १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी आली आणि दोहोंच्या मध्ये चार्ज कंट्रोलर नावाची एक लहानशी पेटी बसली. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून आणि आपल्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे १९ अंश, कलती ठेवायची. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घालायचा. तार जाड घ्यायची. इतके पथ्य पाळले तर हे काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. अवघड भाग निराळाच होता, आणि तो आम्ही स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याच्या आधीच सुरू झाला होता.

तो भाग म्हणजे मोजणी. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूवर आम्ही घरातल्या उपकरणांची यादी मांडली. नऊ वॉटचे चार दिवे पाच तास, म्हणजे १८० वॉट-तास. पंचाहत्तर वॉटचा साधा पंखा आठ तास, म्हणजे ६००. तीन मोबाइल मिळून ४५. आमची दोन पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी ८०० वॉट-तासांच्या आसपास देणार; त्यातून बॅटरीची आणि इन्व्हर्टरची गळती वजा केली की हाती सहाशेही धड उरणार नाहीत. म्हणजे पहिल्याच बेरजेत आम्ही तुटीत होतो. मग अठ्ठावीस वॉटचा नव्या जातीचा पंखा आणला; तोच वारा २२४ वॉट-तासांत मिळू लागला. इस्त्रीचे नाव यादीतून खोडले, कारण रविवारच्या मिस्साचे कपडे अर्धा तास इस्त्री करायला जी वीज लागते, तिच्यात घरातले सगळे दिवे दोन रात्री जळून वर काही उरते. फ्रिज कंपनीच्या तारेवरच राहिला. पुरे म्हणजे किती, हा प्रश्न त्या तारेने आम्हांला कधी विचारला नव्हता. ती बिल पाठवी आणि आम्ही ते भरत असू. आता त्या कॅलेंडरच्या पानाने तो विचारला, आणि एवढी वर्षे संसार करूनही त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते.

असे माप आमच्या वाडवडिलांना मात्र ठाऊक होते. वसईच्या वाड्यांना पाणी रहाटाने मिळे. बैल थकला की रहाट थांबे आणि त्या विसाव्यात विहीर पुन्हा भरे. जनावराच्या थकव्यात भूमीचे आरोग्य राखलेले होते, हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आले नसेल. पुढे विजेचा पंप आला. पंप थकत नाही. पाणी वाड्यांना गेले, नंतर टँकरांत भरून शहराकडे जाऊ लागले, आणि समुद्राजवळच्या कितीतरी विहिरी मचूळ झाल्या. म्हणून 'फुकट वीज' हे शब्द कानी पडले की आम्ही थोडे सावध होतो. सौर पंपाला तर बिलाचाही धाक नाही. ऊन आहे तोवर तो उपसा करीत राहणार. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाच्या गावी २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी यावर एक शहाणपणाची तोड काढली. सौर पंपांवर त्यांनी सहकारी मंडळी उभी केली आणि शेताची गरज भागल्यावर उरलेली वीज तारेवरून विकायला सुरुवात केली. पंप बंद ठेवण्यातही चार पैसे मिळू लागले, तेव्हा भूमीतले पाणी भूमीत ठेवायला एक कारण निर्माण झाले. थकणारा बैल गेला. त्याच्या जागी दुसरे काहीतरी बसवावे लागले.

वाऱ्याचे यंत्र आम्ही त्यानंतर करून पाहिले, आणि वाचकांपैकी कुणाला तो मोह होत असेल तर आमचा अनुभव सांगून टाकलेला बरा. पी.व्ही.सी. पाइप कापून पाती केली, एका जुन्या मोटारीचे जनित्र केले आणि व्यास एक मीटर ठेवला. वाऱ्याचा स्वभाव असा की वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते; पण याचाच अर्थ असाही की वेग निम्मा झाला तर शक्ती एक-अष्टमांश उरते. ताशी बावीस किलोमीटरच्या वाऱ्यात असले यंत्र तीसेक वॉट देईल; ताशी अकराच्या वाऱ्यात चार वॉट मिळाले तरी नशीब. त्यातून घरे आणि झाडे वाऱ्याचा नुसता गोंधळ करून टाकतात. शंभर मीटरच्या परिसरात जे काही उभे असेल त्याहून तीस फूट उंच यंत्र असावे, असा जाणकारांचा दंडक आहे. आमच्या भोवती पन्नास-साठ फुटी माड. म्हणजे नव्वद फुटांचा खांब उभारायचा, आणि वादळात तो कुणाच्या कौलांवर पडेल याचा विचार करीत जागायचे! आमचे यंत्र छपरावर दहा फुटांच्या नळीवर तीन आठवडे होते. रात्रभर वासे गुणगुणत. वीज नाममात्र मिळाली, झोप मात्र पुरी गेली. आम्ही ते उतरवले. उघड्या माळावर किंवा किनाऱ्याच्या मोकळ्या जागी हिशेब वेगळा असेल. पावसाळ्यात ऊन मंदावते तेव्हा वारा असतो, हेही खरे.

तरी वाऱ्यावरून वीज काढणाऱ्यांच्या कथा आम्हांला आवडतात, कारण आमचा प्रश्न त्यांच्यात आधीच उभा आहे. १८८८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी चार्ल्स ब्रश या धनवान संशोधकाने आपल्या हवेलीमागे १४४ पात्यांची, सतरा मीटर व्यासाची प्रचंड पवनचक्की उभारली. तळघरात बॅटऱ्यांच्या रांगा मांडल्या आणि आपले घर उजळले. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, डेन्मार्कमधील आस्कोव येथील लोकविद्यालयाचे शिक्षक पोल ला कूर यांनीही पवनचक्कीवर प्रयोग आरंभले. पण त्यांचे लक्ष खेड्यांकडे होते. खेड्यापाड्यांत वीज नेणारी माणसे तयार व्हावीत म्हणून ते शिकवीत राहिले. आणि आपल्या काळात, २००२ च्या सुमारास, मलावी देशातील विल्यम कामक्वांबा या मुलाने काय केले, तेही पाहावे. दुष्काळात फी भरता न आल्याने त्याची शाळा सुटली होती. गावच्या ग्रंथालयातील एका पुस्तकातले चित्र पाहून, सायकलचा डायनामो, ट्रॅक्टरचा पंखा आणि निलगिरीचे वासे जोडून त्याने चक्की केली. घरात दिवे लागले. मग मोबाइल चार्ज करायला शेजारीपाजारी दाराशी येऊ लागले. प्रत्येक घरच्या विजेची पुढची पायरी हीच दिसते. दिवा आत लागतो, पण तो बाहेरूनही दिसतो.

येथे तारेविषयी एक गोष्ट सांगणे अत्यंत आवश्यक आहे. घरची वीज कंपनीच्या तारेला जोडणारी जी यंत्रणा अनुदानावर बसवली जाते (२०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात, अर्थात ज्याचे स्वतःचे छप्पर आहे त्याला, चाळीतल्या भाडेकरूने काय करावे, हे कोडे त्यातून सुटत नाही), ती बॅटरीवाचून असेल तर बाहेरची वीज गेल्याबरोबर आपणही बंद पडते. डोक्यावर लख्ख ऊन आणि घरात काळोख! लोक चिडतात. पण तसे होणे योग्यच आहे. तार मृत आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाती आपल्या छपरावरची वीज जाऊ नये, म्हणून ती व्यवस्था असते. घरी जुळवाजुळव करणारा हौशी माणूस जर आपला इन्व्हर्टर चेंजओव्हर स्विच न बसवता सरळ घरच्या वायरिंगला जोडील, तर तो एका अनोळखी माणसाचा जीव धोक्यात घालतो. म्हणून आमच्या सौर विजेचे वायरिंग आम्ही पहिल्यापासून पूर्ण वेगळे ठेवले आहे. आपण स्वावलंबी झालो असे आपल्याला वाटते, आणि त्याच क्षणी आपल्या चुकीची झळ पोहोचू शकेल असे एक माणूस वाढलेले असते.

आता ज्या रात्रीमुळे हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे पडली, खांब वाकले आणि आळीतली वीज गेली. पॅनेलवर दोन दिवस धड ऊन पडले नाही. १८ तारखेच्या रात्री आमच्याकडे दोन दिवे आणि एक पंखा चालू होता. बाकी सारी आळी काळोखात. नऊच्या सुमारास शेजारच्या मावशींची सून दाराशी आली. मावशींना दम्याचा त्रास. वाफ घेण्याचे यंत्र विजेवर चालणारे. "तुमच्याकडे लाइट आहे ना?" एवढेच तिने विचारले. आम्ही म्हणालो, "थांब हं, बॅटरी किती उरलीय ते बघतो."

आणि आम्ही आत जाऊन खरोखरच बघत राहिलो. मीटरवर १२.३ दिसत होते. असली बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, नाहीतर तिचे आयुष्य घटते, हे आम्ही वाचलेले होते, पाठ केलेले होते. उद्या ऊन पडले नाही तर? रात्री पोरांना उकडले तर? डोक्यावर पंखा फिरतच होता. बाहेर आलो तेव्हा पायरीवर कुणी नव्हते. उत्तराला जो वेळ लागला, तेच उत्तर समजून ती परतली होती.

मग लांब वायर शोधून कुंपणावरून टाकली. मावशी ओटीवर बसल्या होत्या, श्वास वाजत होता. दहा मिनिटे यंत्र चालले. श्वास जरा सैल झाल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे: "तुमची लाइट संपेल ना गं?"

घरी येऊन आम्ही हिशेब केला. दीडशे वॉटचे यंत्र दहा मिनिटे, म्हणजे पंचवीस वॉट-तास. आमच्या पंख्याचा पाऊण-एक तासाचा वारा. एवढ्यासाठी आम्ही मीटरसमोर उभे होतो.

धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेला दहा कुमारिकांचा दाखला त्या रात्री आठवणे साहजिक होते. त्यातल्या शहाण्या कुमारिका तेल देत नाहीत. दोघींना पुरणार नाही, असे त्या म्हणतात, आणि प्रभू त्यांना दोष देत नाही. आम्हांला क्षणभर त्यांची सोबत घ्यावीशी वाटली. परंतु त्या तेलाचा जो अर्थ आम्हांला शिकवला गेला तो असा, की अंतःकरणाची सिद्धता ज्याची त्याला करावी लागते, ती उसनी देता-घेता येत नाही. आमचे तेल उसने देता येत होते. त्याला फक्त वीस फूट वायर हवी होती. तेव्हा त्या दाखल्याच्या आडोशाला उभे राहण्याचा अधिकार आम्हांला नव्हता.

आम्हांला छळतो तो प्रश्न याहून थोडा निराळा आहे. आमची कंजुषी ऐषारामातून आलेली नव्हती. ती त्या मोजणीतून आली होती, जिचा आम्हांला अभिमान होता. ज्या हिशेबाने आम्हांला इस्त्री सोडायला शिकवले, त्याच हिशेबाने शेजारणीला दारात उभे ठेवले. अमर्याद तारेवर जगत असतो तर कदाचित "ये, लाव" असे सहज म्हटले असते, कारण ते आमचे नव्हतेच. आपल्या हाताने केलेली, आपण मोजलेली वस्तू देताना हात जड होतो. मग मोजणे सोडून द्यावे काय? ते आम्हांला पटत नाही. मचूळ विहिरी आमच्या डोळ्यांसमोर आहेत. आम्हांला वाटते, चूक बेरजेत नव्हती, यादीत होती. त्या कॅलेंडरच्या पानावर आम्ही चार दिवे लिहिले, पंखा लिहिला, मोबाइल लिहिले. कुंपणापलीकडचे काहीच लिहिले नाही. मावशींचा दमा आम्हांला नवा नव्हता. वादळ येणार हेही रेडिओवर सांगितले जात होते. जे यादीत नव्हते, ते दाराशी आले तेव्हा तुटीसारखे दिसले.

कुंपणालगतच्या भिंतीवर आता एक प्लग आहे, त्याला वेगळा फ्यूज आहे. मावशींच्या परसातील एका माडाची सावली दुपारी साडेतीननंतर आमच्या पॅनेलवर येते. एका झावळीची सावली काही चकत्यांवर पडली तरी सबंध पॅनेलची वीज घसरते. त्यामुळे तो माड तोडायला सांगावे, असे पूर्वी एकदा आमच्या मनात येऊन गेले होते. तसे सांगितले नाही. पॅनेल शक्य तितकी पूर्वेच्या टोकाला सरकवली. उरलेले ऊन जाते ते जाते. विजेच्या वहीत 'मावशी, वाफ' असा एक रकाना आहे: दिवसातून तीनदा, पंचाहत्तर. पावसाळ्यात तो आम्ही आधी भरतो, आणि पंख्याचा नंतर.