आजारी माणसाचे काय चुकले?

आपल्या वाडीत कुणी आजारी पडले की आपण भेटायला जातो. फळे नेतो, प्रार्थना म्हणतो, आणि मग हळूहळू बोलायला लागतो. 'रात्री उशिरा जेवायचास, तेच भोवले.' 'आमच्या शेजारणीने मेथीचे पाणी सुरू केले आणि तिची साखर उतरली बघ.' 'एवढ्या गोळ्या कशाला घेता? सगळे रसायन.' निघताना आपण 'देव बरे करील' असे म्हणतो. पण आपण गेल्यावर त्या आजाऱ्याच्या मनात घोळत राहते ते आधीचे बोलणे: मी चुकलो, म्हणून मी आजारी पडलो.

हे बोलणे खरे आहे का, आणि खरे असले तरी बोलावे का, याचा थोडा विचार आपण करू या.

काही अंशी ते खरे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. रक्तदाब, मोठेपणी होणारा मधुमेह, हृदयविकार, दारूने होणारे यकृताचे आजार यांचा आपल्या रोजच्या वागण्याशी संबंध आहे. आपल्या वसईतले आजी-आजोबा दिवसभर वाडीत राबत. केळीला पाणी लावणे, पानवेलीची निगा, भाजीचे भारे बांधणे, यात त्यांचा व्यायाम आपोआप होत असे. मिस्सेला ते चालत येत. आज आपण दहा मिनिटांच्या अंतरावरच्या चर्चला स्कूटरवर येतो आणि विरार लोकलमध्ये उभे राहून झालेल्या दमणुकीला व्यायाम समजतो. लग्नाच्या मांडवात चार दिवस काय काय रिचवले जाते ते वेगळे सांगायला नको. जीवन आणि शारीरिक आरोग्य ही देवाने आपल्यावर सोपवलेली मोलाची देणगी आहे आणि तिची वाजवी काळजी घेणे हे आपले कर्तव्य आहे, असे कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २२८८) सांगतो. ज्याने नीट सांभाळले नाही, त्याला जाब विचारण्यात काय चूक, असे कुणाला वाटेल.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला एका धर्मगुरूंची आठवण होते. फादर सेबास्तियन क्नाइप १८२१ साली जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात एका गरीब विणकराच्या घरी जन्मले. लहानपणी ते तळघरातल्या मागावर बसून कापड विणत. धर्मगुरू व्हायचे म्हणून साठवलेले पैसे घराला लागलेल्या आगीत गेले. पुढे मोठ्या कष्टाने शिक्षणाची सोय झाली, तोवर छातीच्या दुखण्याने त्यांना घेरले होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. १८४९ साली, ग्रंथालयात, योहान सिगमुंड हान नावाच्या जुन्या काळातील डॉक्टरांचे थंड पाण्याच्या गुणांवरील एक पुस्तक त्यांच्या हाती लागले. ते वाचून हा क्षयरोगी तरुण ऐन हिवाळ्यात डॅन्यूब नदीवर जाऊ लागला. काही क्षण पाण्यात बुडी मारायची, पटकन कपडे चढवायचे आणि अंग गरम होईपर्यंत झपझप चालत राहायचे. त्यांची तब्येत सुधारली आणि १८५२ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पुढे १८५५ साली व्योरिशोफेन या खेड्यात डॉमिनिकन भगिनींच्या मठात पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि उरलेले आयुष्य त्यांनी तिथेच काढले. (तिथे ते मधमाश्याही पाळत, आणि त्यांवरही त्यांनी लिहिले आहे!) लोक आत्म्याचे दुखणे घेऊन येत आणि जाता जाता शरीराचेही सांगत. डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांनी त्यांच्याविरुद्ध भोंदूगिरीच्या तक्रारी केल्या. तरी १८८६ साली त्यांचे जलोपचारावरील पुस्तक निघाले आणि त्या खेड्यात देशोदेशीच्या आजाऱ्यांची रीघ लागली. १८९४ साली त्यांनी पोप लिओ तेरावे यांच्यावरही उपचार केले. २०१५ साली जर्मनीने त्यांच्या उपचारपद्धतीची नोंद आपल्या सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत केली.

फादर क्नाइप यांची पद्धत पाच गोष्टींवर उभी आहे: पाणी, वनस्पती, हालचाल, साधा आहार आणि जीवनातील सुव्यवस्था. पोटरीएवढ्या थंड पाण्यात बगळ्यासारखा एकेक पाय पूर्ण वर उचलून चालणे, सकाळी दंवाने ओल्या गवतावर अनवाणी फिरणे, झारीने हातापायांवर पाण्याची धार सोडणे, जाड्याभरड्या पिठाची भाकरी, कॉफीऐवजी मोडाच्या धान्याचे भाजून केलेले पेय, असे सगळे घरगुती. पण त्यात शिस्त होती. गार पडलेल्या अंगावर गार पाणी घ्यायचे नाही, आधी अंग गरम हवे. पाणी थोडाच वेळ घ्यायचे, आणि नंतर ऊब येईपर्यंत हालचाल करायची. हे वाचून कुणी उद्या पहाटे थेट विहिरीवर जाईल म्हणून सांगून ठेवतो: हृदयरोग असलेल्यांनी थंड पाण्याचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये. त्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

अशा साध्या उपचारांवर आपला विश्वास चटकन बसत नाही. सिरियाचा सेनापती नामान कुष्ठरोगी होता. यार्देन नदीत सात वेळा स्नान कर, एवढेच अलीशाने सांगितले तेव्हा तो रागावून परत निघाला (२ राजे ५). त्याच्या नोकरांनीच त्याची समजूत घातली. आजही 'रात्री दहाला झोपा, भात कमी करा, रोज अर्धा तास चाला' असे डॉक्टर सांगतात तेव्हा आपल्याला फसल्यासारखे वाटते. त्यापेक्षा डब्यातली महागडी पावडर बरी वाटते.

येथवर फादर क्नाइप 'नीट जगा, निरोगी राहा' असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचे वाटतात. आता त्यांच्याच आयुष्याकडे पुन्हा पाहू. तरुणपणी त्यांना दुखणे जडले ते कोणत्या ऐषआरामामुळे? दमट तळघरात माग चालवणाऱ्या मुलाची काय जीवनशैली चुकली होती? आणि अनेक वर्षे स्वतःचे नियम पाळून जगलेले हे धर्मगुरू १८९७ साली गाठीच्या आजाराने वारले. त्यांच्या पद्धतीला याने कमीपणा येत नाही. नीट जगण्याने आजाराची शक्यता कमी होते, पण आरोग्य हा काही चांगल्या वागणुकीचा पगार नव्हे. हे एकदा पटले की आजाऱ्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते की, पाप कुणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही नाकारले (योहान ९:१-३). शिष्यांचा तो प्रश्न आपण आज थोड्या सभ्य भाषेत विचारतो, इतकेच. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. तोवर ते चांगले मित्र होते. मग त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली.

ही नजर नसली तर नैसर्गिक उपचारांचा हट्टही घातक ठरतो. गोळी घेणे म्हणजे हार, श्रद्धा कमी पडली, संयम कमी पडला, असे आजाऱ्याला वाटू लागते. मग कुणी इन्सुलिन परस्पर बंद करतो, कुणी स्तनातली गाठ लेप लावून महिनोन्महिने झाकून ठेवते. पवित्र शास्त्रात असा हट्ट नाही. सिराकच्या ग्रंथात (अध्याय ३८) प्रार्थनेलाही जागा आहे, मातीतून उगवणाऱ्या औषधांनाही आणि वैद्यालाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हाही गैरसमजच. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्याने मृत्यू झाला. दुधी कडू लागला की तो रस टाकून द्यावा, हे आपल्या आयांना ठाऊक होते.

निसर्गोपचाराचे आपल्याकडचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते महात्मा गांधी. त्यांनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य'मध्ये इस्पितळांवर कडक टीका केली आणि आजार आपल्याच हलगर्जीपणातून येतात असे लिहिले. पण जानेवारी १९२४मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचे आंत्रपुच्छ सुजले, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज डॉक्टरांकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. मध्येच वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पूर्ण करावी लागली. निसर्गोपचारावरची त्यांची श्रद्धा त्याने संपली नाही. १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांनी गरीब खेडुतांसाठी निसर्गोपचार केंद्र सुरू केले. ज्या माणसाला दोन्ही वाटा ठाऊक होत्या त्याने गरज पडली तेव्हा सुरी नाकारली नाही. त्याच्या नावाने इतरांनी का नाकारावी?

आता सर्वांत अवघड मुद्दा. फादर क्नाइप यांच्या पाच गोष्टींपैकी पाचवी, जीवनातील सुव्यवस्था. आजाऱ्याच्या अंतःकरणात सुव्यवस्था आली की बाकीचे उपचार खरे लागू पडतात, असे त्यांचे मत होते. आम्हांला ते पटते. प्रश्न असा, की ही सुव्यवस्था आणायची कुणी? आपल्या धर्मग्रामातील एखादी परिचारिका घ्या. रात्रपाळी करून सकाळच्या गाडीने घरी येते. आल्यावर मुलांचा डबा, सासऱ्यांचे औषधपाणी, टँकर आला तर पाणी भरणे. दुपारी दोन-तीन तास झोप. तिला आपण 'सकाळी चालायला जा, वेळेवर जेव, चिंता करू नकोस' असे सांगतो. तिला हे सगळे माहीत आहे, आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे! व्योरिशोफेनला जाऊन दोन-तीन आठवडे राहणाऱ्या प्रत्येक आजाऱ्याच्या मागे त्याचे घर, शेत, गुरे कुणीतरी सांभाळत असणार. त्या माणसाचे नाव कुठल्या पुस्तकात आले नसेल, पण उपचारात त्याचा वाटा होता.

धर्मशिक्षण ग्रंथाचा तोच परिच्छेद अन्न, वस्त्र, निवारा, आरोग्यसेवा, शिक्षण, रोजगार हे मिळवायला समाजाने हातभार लावला पाहिजे असेही सांगतो. पहिला भाग आजाऱ्याला ऐकवायचा आणि दुसरा गाळायचा, हे बरोबर नाही. त्याच्यापुढचा परिच्छेद शरीराच्या पूजेपासून सावध करतो. तोही आपल्यातील काहींना हवा आहे. ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा आहे ते रोज वजन मोजतात, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांच्याकडे थोडे वरून पाहतात.

तेव्हा आपण धर्मग्राम म्हणून काही गोष्टी करू शकतो, त्यांना मोठी योजना लागत नाही. पालक मंडळाच्या आणि गटांच्या सभा रात्री साडेनऊला सुरू होऊन अकराला संपतात, त्या आधी घेता येतील. सणाच्या मिस्सेनंतर तळलेल्या वड्यांऐवजी आपल्याच वाडीतली केळी वाटता येतील. चर्चचे आवार पहाटे उघडे ठेवले तर रस्त्यावरच्या गाड्या आणि कुत्र्यांना घाबरणाऱ्या आपल्या ज्येष्ठ भगिनींना तिथे निर्धास्त फिरता येईल. लग्नात मद्य किती ठेवायचे हे ज्याच्या त्याच्या घरचे, पण ज्याने सोडले आहे त्याला मांडवात आग्रह करायचा नाही, एवढे तरी आपण ठरवू शकतो. आणि ज्या घरातल्या माणसाला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावे लागते, त्या तीन फेऱ्यांतली एक शेजारच्या कुणी आपल्या अंगावर घेतली, तर त्याच्या बायकोला त्या दुपारी दोन तास झोप मिळेल.