युरोप कुठे संपतो, जिरायत कुठे सुरू होते

आशिया आणि युरोप यांच्यामध्ये समुद्र नाही. मग हे दोन खंड कसे? शाळेत आपण सात खंड पाठ केले. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड शिकवतात. पृथ्वी तीच, मोजणी वेगळी.

प्राचीन काळापासून कित्येक शतकं युरोपची पूर्व सीमा डॉन नदीवर मानली जायची. १८व्या शतकात ती उरल पर्वतावर सरकली. रशियाच्या कैदेत राहून आलेल्या श्ट्रालेनबेर्ग या स्वीडिश सैन्याधिकाऱ्याने १७३०मध्ये छापलेल्या पुस्तकात ती तशी मांडली. तातिश्चेव या रशियन अधिकाऱ्याचंही मत तेच होतं. स्वतःला युरोपीय म्हणवून घ्यायला निघालेल्या रशियाला ती सोयीची होती. अलीकडे, २००२मध्ये, कझाकस्तान फुटबॉलपुरता आशियातून युरोपात गेला. जमीन एक इंचही हलली नाही.

यावरून ‘म्हणजे सीमा खोट्याच की!’ असं म्हणणं सोपं आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. देशांच्या यादीत ‘खंड’ हा रकाना कुणीतरी ठरवून भरलेला असतो, हे रोज बघतो. तरी मला ते पटत नाही, कारण मी बारामतीचा आहे.

आमच्या शेजारच्या इंदापूर आणि माळशिरस तालुक्यांमध्ये नीरा नदी आहे. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सोलापूर. नदी निसर्गाची, पण ऊस दोन्ही काठांना. खरी रेघ आहे ती नीरा डाव्या कालव्याची, आणि तो माणसांनी इंग्रजांच्या काळात खणलेला. कालव्याखाली बागायत, वर सुपे-मोरगावच्या बाजूला जिरायत. लग्न जमवताना ‘शेती बागायती आहे का?’ असं विचारतात. नदीच्या कुठल्या काठाला, हे कुणी विचारत नाही.

कुणी म्हणेल, पाणी उतारानेच वाहणार, त्यात माणसाने काय ठरवलं? उतार निसर्गाचा, हे खरंच. पण कालवा किती उंचीवरून न्यायचा, हे माणसांनी ठरवलं. पुढे जनाई-शिरसाई उपसा योजनेने पंप लावून जिरायत भागाकडे पाणी चढवलं, म्हणजे ती रेघ सरकवताही येते. उरल पर्वतही निसर्गाचाच. त्याला युरोपचं कुंपण केलं माणसांनी.

‘नैसर्गिक’ हा शब्द ऐकला की आपण प्रश्न विचारणं थांबवतो. डोंगराला कोण जाब विचारणार? पण सीमा ‘ठरवलेली’ आहे असं कबूल केलं की विचारता येतं: कुणी ठरवली, कुणाच्या सोयीने, आणि बाहेर कोण राहिलं? माणसाने आखली म्हणून सीमा खोटी होत नाही, ती उत्तर द्यायला बांधील होते. उरलच्या रेघेने कुणाचं फारसं बिघडत नाही, म्हणून ती आपण पाठ करून सोडून देतो. जिरायत गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला मात्र ‘निसर्गच तसा’ हे उत्तर पुरेसं नाही.