गेलेले नाव आणि सोडलेले नाव

1780 च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट ब्रेम्नर या प्रकाशकाने दोन व्हायोलिने व बेस यांच्यासाठी रचलेले बारा सोनाटे प्रसिद्ध केले. त्यांवर नाव होते पेर्गोलेसीचे. हा इटालियन रचनाकार 1736 मध्ये अवघ्या सव्विसाव्या वर्षी निवर्तला, आणि पश्चात् त्याची कीर्ती एवढी वाढली की इतरांच्या कितीतरी रचना त्याच्या खाती जमा झाल्या. हे सोनाटे त्यांपैकीच; ते वस्तुतः व्हेनिसच्या दोमेनिको गाल्लोचे, असे पुढे संशोधकांनी दाखविले. तोवर स्त्राविन्स्कीने ते पेर्गोलेसीचेच समजून आपल्या ‘पुल्चिनेल्ला’ या नृत्यनाट्यात घेतले होते. 15 मे 1920 रोजी पॅरिसला त्याचा पहिला प्रयोग झाला. त्याचे नांदीवजा वादन गाल्लोच्या पहिल्या सोनाट्यावरूनच घेतलेले आहे.

कोणी म्हणेल, स्वर तेच, आनंद तोच; मग नावाची पंचाईत कशाला? हा आक्षेप दिसतो तितका सरळ नाही. अल्पायुषी कलावंताची कृती म्हणून ऐकणारा कान तीत अकाली मरणाची छाया शोधू लागतो, आणि शोधणाऱ्यास ती सापडतेही! मग आनंद तोच राहिला, असे कसे म्हणावे?

या रचनाप्रकारात निनावीपणाला स्थान आहे, हे आम्हांस मान्य आहे. नाव ‘त्रिसोनाटा’, पण वाजविणारे बहुधा चार : दोन व्हायोलिने, खालची ओळ धरणारा चेलो आणि हार्पसिकॉर्ड. हार्पसिकॉर्डवादकापुढे बेसची एकच ओळ असते व तिला जोडून काही आकडे. त्या आकड्यांच्या खुणेने वरचे स्वर त्याने आयत्या वेळी भरावयाचे. श्रोत्यांना ऐकू येणारे कित्येक स्वर असे कोणीच लिहिलेले नसतात. गवयामागे सारंगी वा हार्मोनियम धरणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. परंतु साथीदार मागे बसतो तो जाणून, राजीखुशीने.

‘पुल्चिनेल्ला’तच याचा दुसरा दाखला दडलेला आहे. त्यातील तारांतेल्लाचे मूळही पेर्गोलेसीचे नव्हे. ते हॉलंडच्या काउंट व्हान वासेनार यांचे. या सरदाराने आपले कंचेर्तो 1740 मध्ये छापू दिले, ते आपले नाव त्यांवर येऊ नये या अटीवर. 1980 च्या सुमारास त्यांच्या हस्तलिखिताचा शोध लागला आणि नाव उघड झाले. ते उच्चारताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. एका मृताची इच्छा आपण जिज्ञासेपायी मोडली, असे मनात येते. गाल्लोने अशी कोणतीही इच्छा लिहून ठेवलेली नाही. वासेनारांनी नाव सोडले, गाल्लोचे गेले. दोन्ही पाने कोरी दिसतात म्हणून दोघांस एकच न्याय लावणे आम्हांस अयोग्य वाटते. ‘पुल्चिनेल्ला’चे वादन योजणाऱ्यांनी कार्यक्रमपत्रिकेत पेर्गोलेसीच्या शेजारी गाल्लोपुरती एक ओळ मोकळी ठेवावी, तेवढी जागा तीत सहज निघते.