एकाच बाकावर बसवलेले दोन भाऊ

ज्यू लोक इतके हुशार का असतात, याची कारणे सांगणारा एक संदेश वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरतो आहे. गरोदरपणी ज्यू बायका गणिते सोडवतात, मुलांना अमुकच खाऊ घालतात, असे बरेच काही त्यात असते. मजकूर बनावट आहे. पण तो पुढे पाठवणाऱ्या आईबापांची काळजी खरी आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवर नीट-जेईईच्या क्लासची चौकशी करत फिरणाऱ्या पालकांना मुलाचे भलेच करायचे असते आणि त्यासाठी हमखास चालणारी एखादी पद्धत हवी असते. ज्यू परंपरेत मुले वाढवण्यावर शतकानुशतके वाद घातले गेले, ग्रंथ लिहिले गेले. तशी पद्धत मात्र त्यात सापडत नाही. एकाला लागू पडले ते दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, हे तिथे पुन्हा पुन्हा बजावलेले दिसते.

ही परंपरा समजून घ्यायला इस्रायलपर्यंत जाण्याची गरज नाही. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज कोकण किनाऱ्याला लागले, असे बेने इस्रायल हा ज्यू समाज मानतो. हे लोक तेलाचा घाणा चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. केहीमकर, चेऊलकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे कोकणातल्या गावांवरून आली आणि घरची भाषा मराठीच राहिली. वल्हांडण सणाच्या रात्री घरोघरी वाचला जाणारा ‘हग्गादा’ हा ग्रंथ १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापला गेला. त्यातल्या चित्रात लुगडे नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात.

या हग्गादात चार मुलगे येतात. एक शहाणा, एक उर्मट, एक भोळा आणि चौथा, ज्याला काय विचारावे हेच कळत नाही. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची गोष्ट चौघांनाही सांगायची असते, पण बापाचे उत्तर चौघांना चार प्रकारचे. शहाण्याला सगळे नियम बारकाईने, भोळ्याला दोन वाक्यांत. उर्मटाची कानउघाडणी होते, पण त्याला पानावरून उठवत नाहीत. चौथ्यापाशी बापाने स्वतःच विषय काढायचा असतो. वर्गात हात वर न करणाऱ्या मुलाची जबाबदारी मोठ्यांवर टाकणारे हे वचन दर वर्षी जेवणाच्या वेळी साऱ्या घरादेखत वाचले जाते, ही फार मोलाची गोष्ट आहे.

बायबलच्या नीतिसूत्रांत, बाविसाव्या अध्यायात, मुलाला त्याच्या वाटेप्रमाणे शिकवा, म्हणजे म्हातारपणीही तो ती सोडणार नाही, अशा अर्थाचा सल्ला आहे. ‘त्याची वाट’ म्हणजे सन्मार्ग, असा अर्थ पुष्कळांनी लावला. अठराव्या शतकात विल्ना शहरातल्या एलिया या थोर पंडिताने मात्र त्याचा अर्थ मुलाचा स्वभाव असा घेतला. स्वभावाविरुद्ध वळवलेले मूल धाक असेतोवर ऐकते. धाक संपला की सगळे टाकून देते, असे त्याचे म्हणणे. त्यासाठी त्याने तालमूद या ज्यूंच्या प्राचीन ग्रंथातल्या एका चर्चेचा आधार घेतला, आणि ती मराठी माणसाला अगदी घरची वाटेल, कारण तिचा विषय मंगळ आहे. मंगळाच्या प्रभावाखाली जन्मलेला माणूस रक्त सांडणार, असे तिथे म्हटले आहे. पण ते कसे सांडायचे? तो दरोडेखोर होईल, खाटीक होईल, रक्त काढून उपचार करणारा वैद्य होईल किंवा सुंता करणारा धर्मसेवक होईल. पत्रिका खरी की खोटी हा मुद्दाच नाही. मुलाच्या अंगातली ऊर्मी दाबून मरत नाही, तिला चांगले काम द्यावे लागते, हे त्या पंडिताला सांगायचे होते.

एकोणिसाव्या शतकात फ्रँकफर्टचे रब्बी सॅमसन राफाएल हिर्श आणखी पुढे गेले. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या इसहाक आणि रिबका या आदरणीय दांपत्यालाच त्यांनी दोष दिला. एसाव आणि याकोब ही त्यांची जुळी मुले. एक रानावनात रमणारा शिकारी, दुसरा घरात शांत बसणारा. हिर्श म्हणतात, आईबापांनी दोघांना एकाच बाकावर बसवले, एकच शिक्षण दिले, एकाच जीवनासाठी तयार केले. याकोबाला ते मानवले, एसाव मात्र ते संपण्याचे दिवस मोजत राहिला. त्याचे बळ आणि धाडस ओळखून त्याला त्या अंगाने वाढवले असते, तर तोही मोठा माणूस झाला असता. स्वतः शाळा चालवणाऱ्या धर्मगुरूने पूर्वजांची अशी चूक दाखवावी, याला धैर्य लागते. घरातल्या धाकट्याला थोरल्याच्याच क्लासला घालणाऱ्या प्रत्येक पालकाने हिर्श यांचे हे मत ऐकायला हवे.

याच याकोबाने पुढे लाडक्या मुलाला, योसेफला, तेवढा सुंदर झगा शिवला आणि भावाभावांत वैर पेटले. एका मुलाला इतरांपेक्षा वेगळे वागवू नये, असे तालमूदने त्यावरून बजावले. पण मरणाच्या वेळी तोच याकोब बारा मुलांना जवळ बोलावून प्रत्येकाला त्याच्या त्याच्या गुणाने ओळखतो: यहूदाला सिंह म्हणतो, नफतालीला हरिणी, जबुलूनला सागरकिनारा देतो. प्रेम सारखे करायचे आणि अपेक्षा मात्र प्रत्येकाकडून वेगळी ठेवायची, हे शिकायला त्याला सारा जन्म लागला.

म्हणजे मुलाकडून काही अपेक्षाच ठेवायची नाही का? तसे मुळीच नाही. मुलाला धर्मग्रंथ शिकवणे आणि एखादा धंदा शिकवणे ही बापाची कर्तव्ये तालमूद ठामपणे सांगतो. काही पंडित त्यात पोहणेही घालतात, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. ही यादी नीट पाहिली तर तिच्यात पद नाही, पगार नाही, बापाचे अपुरे राहिलेले स्वप्नही नाही. अक्षर, हातातले काम आणि बुडू न देणारे कौशल्य, एवढ्यासाठी आग्रह धरावा, जरूर तर सक्तीही करावी. त्यापुढची वाट मुलाची.

पाण्यावरून आठवतो तो चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा दुष्काळी गावातला मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला. त्याची उंची आणि ताकद तिथल्या प्रशिक्षकाच्या डोळ्यांत भरली आणि सुरुवातीला पाण्याला घाबरणाऱ्या दत्तूच्या हाती वल्ही आली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो तेरावा आला. त्याच्यातला नौकापटू कुणीतरी पाहावा लागला.

बेने इस्रायल घरांतही असेच घडले. थोरली बहीण कामा रुग्णालयात बरी झालेली पाहून अकरा वर्षांच्या जेरुशा झिराडने डॉक्टर व्हायचे ठरवले. १९१९ मध्ये ती लंडनची एम.डी. झाली आणि पुढे त्याच कामा रुग्णालयाची प्रमुख. जुने ग्रंथ बहुतेक मुलग्यांविषयीच बोलतात, ही त्यांची मोठी उणीव. ती अशा मुलींनी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या घरांनी भरून काढली. निसिम इझिकेल यांचे वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई शाळा चालवणारी, आणि मुलगा इंग्रजीतला कवी. डेव्हिड अब्राहम चेऊलकर कायद्याचे पदवीधर. ते सिनेमात गेले आणि ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा झाले. बेने इस्रायल समाजाबाहेर पाहिले, तर त्र्यंबकेश्वरच्या दाजीशास्त्री फाळक्यांचा मुलगाही शास्त्री झाला नाही. १८८५ मध्ये तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि पुढे देशाला सिनेमा मिळाला.

अर्थात ही यशस्वी झालेल्यांची नावे आहेत. स्वभावाप्रमाणे वाढलेले प्रत्येक मूल नाव काढेलच असे नाही, आणि तशी अट घालणे म्हणजे पुन्हा नवे ओझे लादणे. चांगला वायरमन, मनापासून शिकवणारी बालवाडीची ताई, द्राक्षबागेत रमणारा शेतकरी, एवढे झाले तरी मूल आपल्या वाटेवर आहे.

तेव्हा ज्या घरात क्लासची फी भरून झाली आहे आणि मूल मात्र हळूहळू गप्प होत चालले आहे, त्या घराने पैशाचा हिशेब बाजूला ठेवून आधी मुलाशी बोलावे. वर्ष वाया गेले तरी चालेल.