क्रूस आणि वधस्तंभ

भाईंदरजवळील उत्तन व डोंगरी या गांवीं वाटेवर दगडी क्रूस उभे आहेत. पोर्तुगीज अंमल तेथें १७३९ सालीं संपला, परंतु त्या काळापासूनची रोमन कॅथोलिक मंडळी कायम आहे. तिच्या देवळांत क्रूसावर प्रभूचा देह असतो. आमच्या उपासनामंदिरांत क्रूस बहुधा रिकामा असतो. लूथरपंथी तर प्रॉटेस्टंट असूनही देह ठेवितात. एक क्रूस प्रभूच्या मरणाची साक्ष देतो, दुसरा पुनरुत्थानाची. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत.

मग वाटेवरील क्रूसापुढें आम्हीं हात जोडावे काय? प्रिय वाचकहो, मोशेनें देवाच्या आज्ञेनें केलेल्या पितळी सापापुढें लोक धूप जाळूं लागले, तेव्हां हिज्कीया राजानें तो फोडिला (२ राजे १८:४). देवानें दिलेली खूणही मूर्ति होऊं शकते. म्हणून आम्हीं हात जोडूं नयेत. परंतु हिज्कीयानें स्वतःच्या प्रजेंतील दोष काढिला. आपल्या लेंकराच्या गळ्यांत ताइताप्रमाणें बांधिलेला रिकामा क्रूसही तसलाच साप नव्हे काय? तो ठेवून शेजाऱ्याच्या क्रूसास हंसणें हा अन्याय होय.

आमचें शास्त्र क्रूसास वधस्तंभ म्हणतें. प्रभूनें तो दररोज उचलण्यास सांगितलें (लूक ९:२३). त्यावर प्रथम आपला गर्व मरूं द्यावा.