पाहणे आणि भेटणे

थायलंडच्या उत्तरेस, चिआंग माई शहराजवळ बो सांग नावाचे गाव आहे. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद बांबूच्या काड्यांवर चिकटवून तेथील कारागीर छत्र्या बनवितात व त्या रंगवितात. प्रवासी शेजारी उभे राहून पाहतात. त्यात कोणास काही गैर वाटत नाही. मग त्याच प्रवासात पुढे मे होंग सोन प्रांतातील कायान वस्तीत गेल्यावर मन का अवघडते?

कायान हे म्यानमारमधील यादवीमुळे परागंदा होऊन आलेले डोंगरी लोक. त्यांच्या अनेक स्त्रिया लहानपणापासून गळ्यात पितळेची वेटोळी घालतात. त्यामुळे मान लांब होत नाही. भाराने गळपट्टीची हाडे व बरगड्या खाली दबतात. शुल्क भरून प्रवासी ही मान पाहावयास येतात. न्यूझीलंडसारखा देश आश्रय देण्यास तयार असूनही काही कायान कुटुंबांना थायलंड सोडू दिले जात नाही, अशी तक्रार २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने जाहीरपणे केली होती.

भेद येथेच आहे. छत्रीकार आपली कृती दाखवितो आणि सायंकाळी काम आवरून घरी जातो. कायान स्त्रीचे घर हेच दुकान, आणि तिचा देह हीच पाहण्याची वस्तू. ‘मला पाहू नका’ असे तिला म्हणता येत नसेल, तर तिचे हसणे ही संमती मानावी काय? मनुष्याला केवळ साधन मानू नये, हा कांटने १७८५ मध्ये मांडलेला निकष येथे आपल्याला अडवितो.

कोणी म्हणेल, प्रवासी गेलेच नाहीत तर तिची चूल कशी पेटावी? आक्षेप खरा आहे. केवळ न जाण्याने आपले हात स्वच्छ राहतील, तिचे ताट मात्र रिकामे राहील.

प्रेषित पौल करिंथास गेला, तेव्हा अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून त्यांच्याबरोबर तंबू करू लागला (प्रे. कृ. १८:३). त्या घरात तो प्रेक्षक नव्हता. आपणांस एवढे साधणार नाही. परंतु प्रवेशाचे पैसे कोणाला मिळतात हे विचारता येईल. शाल विणणारीच्याच हातून विकत घेता येईल. छायाचित्रापूर्वी अनुमती मागता येईल आणि नकार मिळाल्यास तो मानाने स्वीकारता येईल. जेथे नकाराची मोकळीक नाही, तेथून मागे फिरावे आणि त्या मोकळिकीसाठी बोलावे.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. अंदमानातील जारवा स्त्रियांना प्रवाशांपुढे नाचावयास लावल्याची चित्रफीत २०१२ साली जगाने पाहिली. वाचकहो, आपल्या पुढच्या सहलीत आपण कोणाला पाहणार आहोत, आणि कोणाला भेटणार आहोत?